श्रमपुरवठा व करआकारणी

विशिष्ट काळात व विशिष्ट वेतनदराने लोक जितके श्रम करण्यास तयार असतात, त्या श्रमाच्या परिमाणास श्रमपुरवठा म्हणतात. तो चार अंगांनी मोजला जातो : कार्यक्षम वयाच्या लोकांपैकी किती जण रोजगारात आहेत वा रोजगार शोधीत आहेत, काम करणारा दिवसातून वा वर्षातून किती तास काम करतो, आयुष्यातील किती वर्षे तो कामात घालवितो आणि त्याच्या कामात कौशल्य व परिश्रम किती असतात. करआकारणीमुळे कामगाराच्या हाती पडणारे वेतन घटते आणि काम व फुरसत यांच्यात निवड करण्याची त्याची परिस्थिती बदलते. त्यामुळे करांचा श्रमपुरवठ्यावर काय परिणाम होतो, हा राजस्वशास्त्रातील व श्रम-अर्थशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे. करामुळे लोक काम करेनासे होत असतील, तर सरकारला मिळणाऱ्या महसुलापेक्षा समाजाचे नुकसान अधिक होते. उलट तसे होत नसेल, तर श्रीमंतांवर अधिक कर बसवून गरिबांना साहाय्य करण्याच्या धोरणास असलेला एक मोठा आक्षेप दूर होतो. या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. कर कोणत्या स्वरूपाचा आहे, तो कोणावर पडतो आणि काम नाकारण्याची मुभा त्या व्यक्तीस कितपत आहे, यांवर ते अवलंबून असते.

सैद्धांतिक विवेचन : वेतनावर कर बसला म्हणजे त्याचे दोन परस्परविरोधी परिणाम संभवतात. पहिल्यास पर्यायता परिणाम म्हणतात. तासाला रु. १०० मिळविणाऱ्या कामगारावर २० टक्के कर बसविला, तर त्याला तासाचे रु. ८० मिळतात. एक तास फुरसत घेण्यासाठी पूर्वी त्याला रु. १०० गमवावे लागत, आता रु. ८० गमवावे लागतात; म्हणजे फुरसत स्वस्त होते व तो कामाऐवजी फुरसतीकडे वळण्याचा संभव वाढतो. दुसऱ्यास उत्पन्न परिणाम म्हणतात. हाच कामगार करापूर्वी सहा तास काम करून दिवसाला रु. ६०० मिळवीत असेल आणि घरखर्चासाठी त्याला तेवढी रक्कम लागतच असेल, तर करानंतर त्याला साडेसात तास काम करावे लागेल. कराने त्याला अधिक गरीब केले, म्हणून तो अधिक काम करतो. या दोहोंपैकी कोणता परिणाम प्रबळ ठरेल, हे केवळ तर्काने सांगता येत नाही. ते अनुभवाधिष्ठित संशोधनानेच ठरवावे लागते.

वेतनवाढीच्या बाबतीतही हेच विवेचन लागू पडते. वेतन फार कमी असताना ते वाढले, तर लोक अधिक काम करतात. परंतु एका मर्यादेनंतर वाढीव उत्पन्नाचा काही भाग ते फुरसतीच्या रूपाने घेऊ लागतात. आलेखात अशा वेळी श्रमपुरवठ्याचा वक्र मागे वळलेला दिसतो. औद्योगिक देशांत एकोणिसाव्या शतकापासून वास्तव वेतन अनेक पटींनी वाढले, त्याच वेळी कामाचे साप्ताहिक तास मात्र घटत गेले. हे या प्रवृत्तीचे ठळक उदाहरण होय [⟶ वेतन].

सरासरी कर-दर व सीमांत कर-दर यांतील भेद येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. एकूण उत्पन्नाशी कराचे जे प्रमाण, तो सरासरी दर. तर मिळकतीत पडणाऱ्या शेवटच्या रुपयावरील कराचे प्रमाण, तो सीमांत दर. मासिक उत्पन्नाचे पहिले रु. २०,००० करमुक्त असून त्यापुढील उत्पन्नावर २० टक्के कर आहे असे मानल्यास, रु. ३०,००० मिळविणाऱ्यास रु. २,००० कर पडतो. त्याचा सरासरी दर सु. ६·७ टक्के, परंतु सीमांत दर २० टक्के असतो. उत्पन्न परिणाम सामान्यतः सरासरी दराशी, तर पर्यायता परिणाम सीमांत दराशी निगडित असतो. त्याच व्यक्तीकडून उत्पन्न न पाहता सरसकट रु. २,००० वसूल केले, तर करभार तेवढाच राहतो. मात्र जादा कामाच्या मोबदल्यावर कर पडत नसल्यामुळे काम कमी करण्याचे प्रलोभन उरत नाही. यावरून, समान महसूल देणाऱ्या दोन करांचे श्रमपुरवठ्यावरील परिणाम भिन्न असू शकतात, हे स्पष्ट होते. सरसकट कर कार्यप्रेरणेच्या दृष्टीने निर्दोष असला, तरी गरीब व श्रीमंत यांच्यावर तो सारखाच पडत असल्याने समतेच्या दृष्टीने सदोष ठरतो. कार्यप्रेरणा व समता यांतील हा तिढा करविषयक सिद्धांताच्या मुळाशी आहे.

विचारांचा इतिहास : सतराव्या-अठराव्या शतकांतील अनेक यूरोपीय लेखकांची अशी समजूत होती, की श्रमजीवी वर्ग केवळ गरजेपोटीच काम करतो; म्हणून वेतन कमी व अन्न महाग असेल, तरच तो उद्योगी राहील. जीवनावश्यक वस्तूंवर कर बसविण्याच्या समर्थनार्थही हा युक्तिवाद वापरला जाई. ॲडम स्मिथ (१७२३–९०) याने द वेल्थ ऑफ नेशन्स (१७७६) या ग्रंथात तो नाकारला आणि चांगल्या वेतनाने कामगार अधिक उत्साही व उद्यमशील होतो, असे प्रतिपादन केले. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्झ (१८३५–८२) याने १८७१ मध्ये श्रमाचा क्लेश व वेतनाची उपयोगिता यांच्या तोलातून श्रमपुरवठा निश्चित होतो, असा सिद्धांत मांडला. वेतन वाढल्यास काम कमी केले जाणे अपरिहार्य आहे, हे मत विसाव्या शतकाच्या आरंभी काहींनी मांडले होते. १९३० मध्ये लायनेल रॉबिन्स (१८९८–१९८४) याने एका लेखात ते मत तर्कतः सिद्ध होत नसल्याचे दाखविले व हा प्रश्न अनुभवाच्या कक्षेत आणून ठेवला.

पुढे जेकब मिन्सर (१९२२–२००६) याने १९६२ मध्ये असे दाखविले, की विवाहित स्त्रियांच्या बाबतीत केवळ काम व फुरसत असे दोनच पर्याय नसतात. वेतनी काम, बिनवेतनी घरकाम व फुरसत असे तीन पर्याय असतात. गॅरी बेकर (१९३०–२०१४) याने १९६५ मध्ये हा विचार वेळेच्या विभागणीच्या सर्वसामान्य सिद्धांतात विकसित केला. जेम्स मर्लीझ (१९३६–२०१८) याने १९७१ मध्ये समता व कार्यप्रेरणा या दोन्ही उद्दिष्टांचा मेळ घालणाऱ्या इष्टतम प्राप्तिकराचे गणिती विवेचन केले. त्याबद्दल त्यास १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विल्यम व्हिक्री याच्यासमवेत देण्यात आले.

अनुभवसिद्ध निष्कर्ष : या विषयाच्या आरंभीच्या पाहणींपैकी एक जॉर्ज ब्रेक या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने इंग्‍लंडमधील वकील व हिशेबतपासनीस यांच्या मुलाखती घेऊन केली व १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. हा वर्ग स्वतःच्या कामाचे तास स्वतः ठरवू शकणारा व उच्च सीमांत दराने कर भरणारा होता. तथापि करामुळे आपण काम कमी केले किंवा वाढविले, असे निश्चितपणे सांगणारे थोडेच आढळले आणि त्यांतही दोन्ही बाजूंचे लोक जवळजवळ तुल्यबळ होते.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६८ ते १९८२ या काळात ऋण प्राप्तिकराचे चार मोठे प्रयोग करण्यात आले. ऋण प्राप्तिकर म्हणजे विशिष्ट मर्यादेखाली उत्पन्न असणाऱ्या कुटुंबास सरकारने रक्कम द्यावयाची व उत्पन्न वाढेल तसतशी ती घटवीत न्यावयाची, अशी योजना; ती मिल्टन फ्रीडमन याने १९६२ मध्ये पुरस्कारिली होती. न्यू जर्सी व पेनसिल्व्हेनिया, आयोवा व नॉर्थ कॅरोलायना यांतील ग्रामीण भाग, इंडियाना राज्यातील गॅरी शहर आणि सीॲटल व डेन्व्हर ही शहरे या प्रयोगांसाठी निवडण्यात आली. प्रयोगातील काही कुटुंबांना साहाय्य दिले गेले, तर काहींना तुलनेसाठी त्याविना ठेवण्यात आले. साहाय्य मिळालेल्या कुटुंबांतील पुरुषांचे कामाचे तास अल्प प्रमाणात घटले. विवाहित स्त्रिया व एकट्या माता यांचे तास त्याहून अधिक प्रमाणात घटले. गरिबांना पैसे मिळताच ते काम सोडून देतील, ही भीती खरी ठरली नाही. तसेच काहीच परिणाम होणार नाही, हे मतही खरे ठरले नाही.

आइसलँडमधील एक घटना या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथे मागील वर्षाच्या उत्पन्नावर कर घेण्याची पद्धत बदलून १९८८ पासून चालू उत्पन्नातून करकपात करण्याची पद्धत सुरू झाली. या संक्रमणात १९८७ सालच्या वेतनावर कर पडला नाही. त्या वर्षी लोकांनी नेहमीपेक्षा अधिक काम केल्याचे आढळून आले. करसूट तात्पुरती असल्याने आज अधिक काम करून उद्या विश्रांती घेणे फायदेशीर होते. तात्पुरत्या सवलतीवरून कायमच्या करकपातीचे परिणाम अनुमानिता येत नाहीत. परंतु कामाची वेळ निवडण्याची संधी मिळाल्यास लोक करांचा विचार करतात, एवढे यावरून दिसते.

यूरोपीय लोक अमेरिकनांपेक्षा वर्षाकाठी कमी तास काम करतात, याचे मुख्य कारण यूरोपातील अधिक कर हे होय, असे मत एडवर्ड प्रेस्कॉट याने २००४ मध्ये मांडले. यावर आल्बेर्तो आलेसिना प्रभृतींनी असा आक्षेप घेतला, की कामगार संघटनांचे सामर्थ्य, भरपगारी रजांविषयीचे नियम व निवृत्तीची धोरणे यांचा वाटा मोठा आहे. स्वीडन, डेन्मार्क व नॉर्वे या देशांत कर भारी असूनही रोजगारातील लोकांचे प्रमाण, विशेषतः स्त्रियांचे, उच्च आहे. बालसंगोपनगृहे, वृद्धांची शुश्रूषा यांसारख्या सोयींवर करांतील पैसा खर्च होतो व त्यामुळे कामास जाणे सुलभ होते. म्हणून केवळ कर किती घेतला जातो हे पाहणे अपुरे असून तो कशावर खर्च होतो हेही पाहावे लागते.

या सर्व संशोधनातून पुढील गोष्टी सामान्यतः मान्य झाल्या आहेत : कुटुंबातील मुख्य मिळवत्या पुरुषाच्या कामाच्या तासांवर करांचा परिणाम अल्प असतो, काम करावे की नाही या निर्णयावरील परिणाम तासांवरील परिणामापेक्षा मोठा असतो, कुटुंबातील दुसरी मिळवती व्यक्ती, एकट्या माता व निवृत्तीच्या वयाजवळ आलेले लोक यांच्यावर तो अधिक जाणवतो. अत्युच्च उत्पन्नाचे लोक करवाढ झाल्यास काम कमी करण्याऐवजी उत्पन्नाचे स्वरूप, ते मिळण्याची वेळ वा त्याची नोंद यांत फेरफार करण्याकडे वळतात.

कुटुंब व करआकारणी : पतिपत्नींच्या उत्पन्नाची एकत्र बेरीज करून प्रगतिशील दराने कर आकारला, तर पत्नीने मिळविलेल्या पहिल्या रुपयावरही पतीच्या उत्पन्नाला लागू असलेला उच्च सीमांत दर पडतो. तिला घराबाहेर पडण्यासाठी येणारा प्रवासखर्च व मुले सांभाळण्याचा खर्च वजा जाता हाती फारच थोडे उरते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९४८ पासून विवाहितांना संयुक्त विवरणपत्र भरण्याची पद्धत आहे. जर्मनीत १९५८ पासून दांपत्याच्या उत्पन्नाची समान विभागणी करून कर ठरविला जातो. त्यायोगे एकाच्याच मिळकतीवर चालणाऱ्या कुटुंबास लाभ होतो. मात्र दुसऱ्याने काम करण्याची प्रेरणा मंदावते. स्वीडनने १९७१ मध्ये, तर ब्रिटनने १९९० मध्ये पतिपत्नींवर स्वतंत्र करआकारणी सुरू केली. स्वीडनमध्ये त्यानंतर विवाहित स्त्रियांचा रोजगार वाढत गेला. अर्थात त्यास बालसंगोपनाच्या सार्वजनिक सोयींचीही जोड होती. भारतात पतिपत्नींची वेतने स्वतंत्रपणे करपात्र धरली जातात.

साहाय्याची माघार : कर घेतला न जाताही कराचा परिणाम घडू शकतो. गरीब कुटुंबास मिळणारे साहाय्य त्याच्या मिळकतीनुसार घटत असेल, तर जादा मिळविलेल्या प्रत्येक रुपयामागे गमावलेले साहाय्य हा एक प्रकारचा सीमांत करच होय. रुपयामागे ६० पैसे साहाय्य घटत असेल आणि त्याच रुपयावर १५ पैसे करही पडत असेल, तर त्या गरिबास ७५ टक्के सीमांत दर सोसावा लागतो. हा दर अनेक देशांतील लक्षाधीशांच्या दरापेक्षाही अधिक आहे. या स्थितीस दारिद्र्याचा सापळा असे म्हणतात. तीतून मार्ग काढण्यासाठी अमेरिकेत १९७५ मध्ये अर्जित उत्पन्नावरील कर-परतावा सुरू झाला. काम करणाऱ्या अल्प उत्पन्न कुटुंबालाच तो मिळतो व आरंभी उत्पन्नाबरोबर वाढत जातो. १९८६ च्या सुधारणेनंतर या योजनेमुळे एकट्या मातांचा रोजगारातील सहभाग वाढला, असे संशोधनात आढळले. निवृत्तिवेतनाच्या बाबतीतही असेच घडते. ठराविक वयानंतर काम चालू ठेवल्यास निवृत्तिवेतनात वाढ होत नसेल, तर पुढील प्रत्येक वर्षाचे काम म्हणजे त्या वर्षाच्या निवृत्तिवेतनावर पाणी सोडणे होय. त्यामुळे लोक लवकर निवृत्त होतात.

सक्तीचे साधन म्हणून कर : वरील विवेचनात काम न करण्याची मुभा गृहीत धरलेली आहे. जेथे ती हिरावून घेणे हाच कराचा हेतू होता, अशीही उदाहरणे वसाहतींच्या इतिहासात आढळतात. स्वतःच्या शेतीवर व गुरांवर निर्वाह करणाऱ्या लोकांना रोख पैशाची गरज नसते; म्हणून रोखीने द्यावयाचा कर लादला, की त्यासाठी त्यांना मळ्यांत व खाणींत मजुरी करावी लागते. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीत १८४९ मध्ये दर झोपडीमागे ७ शिलिंग कर बसविण्यात आला व पुढे तो १४ शिलिंगांपर्यंत वाढविण्यात आला. केप वसाहतीत सेसिल ऱ्होड्स याच्या कारकीर्दीत १८९४ मध्ये संमत झालेल्या ग्लेन ग्रे अधिनियमाने, वर्षातून तीन महिने आपल्या जिल्ह्याबाहेर मजुरी न करणाऱ्या पुरुषांवर १० शिलिंग श्रमकर लादला. लोकांच्या विरोधामुळे तो नीट वसूल होऊ शकला नाही व १९०५ मध्ये रद्द झाला. त्याच वर्षी नाताळमध्ये प्रौढ पुरुषांवर एक पौंड डोईपट्टी बसविण्यात आली. तिच्यामुळे १९०६ मध्ये बंबाथा या झुलू प्रमुखाच्या नेतृत्वाखाली उठाव झाला व तो रक्तपाताने चिरडण्यात आला.

भारतीयांनाही अशा कराचा कटू अनुभव आला. नाताळमधील उसाच्या मळ्यांसाठी १८६० पासून भारतातून करारबद्ध मजूर नेले जात. पाच वर्षांची मुदत संपल्यावर हे गिरमिटिये तेथेच स्वतंत्रपणे शेती वा व्यापार करू लागल्याने गोऱ्या वसाहतवाल्यांचा रोष ओढवला. १८९५ च्या कायद्यान्वये, मुदत संपूनही जे मायदेशी परतणार नाहीत वा नवा करार करणार नाहीत, त्यांच्यावर वार्षिक तीन पौंड कर बसविण्यात आला. पुढे तो वयात आलेल्या मुलामुलींनाही लागू झाला. करारबद्ध मजुराचे वेतन पहिल्या वर्षी दरमहा १० शिलिंग असे. म्हणजे एकट्या माणसाचा कर हा त्या दराने सहा महिन्यांच्या वेतनाइतका होता. पतिपत्नी व मोठी मुले असलेल्या कुटुंबाला तो देणे अशक्यप्राय असे. परिणामी अनेकांना पुन्हा करारात अडकावे लागले. येथे उत्पन्न परिणाम पराकोटीस पोहोचला होता. कराने श्रमपुरवठा वाढला, परंतु तो स्वातंत्र्याच्या मोलाने. गोपाळ कृष्ण गोखले (१८६६–१९१५) यांनी १९१० मध्ये केंद्रीय विधिमंडळात नाताळसाठी होणारी मजूरभरती थांबविण्याचा ठराव मांडला आणि १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा दौरा करून हा कर रद्द करण्याची मागणी तेथील मंत्र्यांपुढे ठेवली. कर रद्द होत नाही असे दिसताच १९१३ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहात कोळसाखाणींतील व मळ्यांतील मजुरांनी संप पुकारला. अखेर १९१४ च्या अधिनियमाने तो कर रद्द झाला.

भारतातील परिस्थिती : भारतात प्राप्तिकर प्रथम १८६० मध्ये बसविण्यात आला, तथापि तो प्रत्यक्ष देणाऱ्यांचे काम करणाऱ्या एकूण लोकसंख्येशी असलेले प्रमाण आजही अल्प आहे. शेतीच्या उत्पन्नावर केंद्र सरकारचा प्राप्तिकर नाही आणि बहुसंख्य कामगार स्वयंरोजगारात वा असंघटित क्षेत्रात आहेत. १९७० नंतरच्या काही वर्षांत रु. २ लाखांवरील उत्पन्नावर अधिभारासह ९७·७५ टक्के इतका सीमांत दर होता. वांच्छू समितीने १९७१ च्या आपल्या अहवालात असे अत्युच्च दर करचुकवेगिरीस प्रोत्साहन देतात, असा निष्कर्ष काढला. त्यानंतर कमाल दर १९७४-७५ मध्ये ७७, १९८५-८६ मध्ये ५० व १९९७-९८ मध्ये ३० टक्क्यांवर आणण्यात आला. या दरांमुळे काम किती घटले यापेक्षा उत्पन्न किती लपविले गेले, हाच चर्चेचा मुख्य विषय राहिला.

प्राप्तिकर न देणारा कामगारही करमुक्त नसतो. वस्तूंवरील कर किंमतीत मिसळून त्याच्यापर्यंत पोहोचतो. १ जुलै २०१७ पासून लागू झालेला वस्तू व सेवा कर हा मजुरी खर्च करतेवेळी द्यावा लागतो एवढाच फरक. त्यामुळे वास्तव मजुरी घटते. गरीब मजुराच्या बाबतीत अशा घटीचा परिणाम सहसा काम कमी होण्यात नव्हे, तर अधिक राबण्यात किंवा कुटुंबातील आणखी एखादी व्यक्ती कामास लागण्यात होतो.

भारतातील श्रमपुरवठ्याचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न स्त्रियांच्या सहभागाचा आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणानुसार १५ वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रियांचा श्रमबलातील सहभाग २०१७-१८ मध्ये २३·३ टक्के होता. २०२३-२४ मध्ये तो ४१·७ टक्के नोंदला गेला. ही वाढ मुख्यतः ग्रामीण भागात व स्वयंरोजगारात झाली असून तीत घरच्या व्यवसायात बिनवेतन राबणाऱ्या स्त्रियाही समाविष्ट आहेत. २०१९ च्या वेळ-विनियोग सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दररोज सरासरी २९९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे देतात, असे आढळले. पाणी, सरपण, मुलांचे संगोपन व वृद्धांची शुश्रूषा यांत जाणारा हा वेळ म्हणजे स्त्रीच्या वेतनी श्रमावर पडलेला एक न नोंदलेला करच होय, असे म्हणता येईल.

महाराष्ट्र : कर व श्रमपुरवठा यांचा एक वेगळा संबंध महाराष्ट्रात आढळतो. १९७२ च्या भीषण दुष्काळाच्या वेळी विस्तारलेल्या रोजगार हमी योजनेस १९७७ च्या अधिनियमाने वैधानिक स्वरूप लाभले व तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. वि. स. पागे हे या योजनेचे जनक मानले जातात. तिच्या खर्चासाठी १९७५ च्या अधिनियमाने नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसायकर बसविण्यात आला. या कराची संविधानाने घातलेली वार्षिक मर्यादा आरंभी रु. २५० होती, १९८८ मध्ये ती रु. २,५०० करण्यात आली. विशिष्ट वेतनापुढे सर्वांना ठराविक रक्कम द्यावी लागत असल्याने जादा कामाच्या मोबदल्यावर हा कर पडत नाही व त्याने कार्यप्रेरणा मंदावण्याचे कारण राहत नाही. अशा रीतीने शहरातील नियमित वेतनदारांकडून अल्प रक्कम घेऊन खेड्यातील बेकारांस कामाचा हक्क देण्यात आला.

या योजनेत साहाय्य उत्पन्नाच्या दाखल्यावर अवलंबून नव्हते. जो अंगमेहनतीच्या कामास येईल, त्यास मजुरी मिळे. त्यामुळे इतर मिळकत वाढल्यास साहाय्य घटण्याचा प्रश्न उद्‌भवत नाही व गरजू लोकच प्रायः कामावर येतात. तथापि १९८८ मध्ये योजनेची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर वाढविल्यावर तीवरील रोजगार वाढण्याऐवजी घटला. मागणी असूनही पुरेशी कामे काढली गेली नाहीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. म्हणून हजेरीपटावरील संख्या म्हणजे श्रमपुरवठा नव्हे. काम मागणारे व काम मिळालेले यांत अंतर असते. २००५ च्या केंद्रीय अधिनियमाने ग्रामीण कुटुंबास वर्षातून १०० दिवसांच्या कामाची हमी दिली. स्त्रीपुरुषांना समान मजुरी, गावापासून पाच किलोमीटरांच्या आत काम व लहान मुलांना सांभाळण्याची व्यवस्था या तरतुदींमुळे त्या कामांवर स्त्रियांचे प्रमाण देशभर मोठे राहिले. स्त्रियांचा श्रमपुरवठा केवळ मजुरीच्या दरावर नव्हे, तर कामाचे अंतर व परिस्थिती यांवरही अवलंबून असतो, हे यावरून दिसून येते.

कर्ज, जमीन व पाऊस यांचाही श्रमपुरवठ्यावर खोल परिणाम होतो. मुंबईच्या कापडगिरण्यांना रत्नागिरी व इतर जिल्ह्यांतून कामगार मिळत. गिरणीतील कामगार हा शहराच्या ओढीने आलेला नसून खेड्यातील हलाखीने लोटला गेलेला आहे, असे शाही श्रम आयोगाने १९३१ च्या अहवालात नमूद केले. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, ऊसतोडणीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर हे याचेच आजचे रूप आहे. पतिपत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतली जाते. ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. मजुरीचा दर वाढला काय वा घटला काय, अशा मजुराच्या कामाचे तास त्याच्या निवडीने ठरत नाहीत. ते आगाऊ घेतलेल्या रकमेने ठरलेले असतात.

मूल्यमापन : कर वाढल्याने लोक आळशी होतात, हे विधान मुख्य मिळवत्या कामगारांच्या बाबतीत पुराव्याने टिकत नाही, मात्र करांचा श्रमावर परिणाम होतच नाही, हे म्हणणेही बरोबर नाही. परिणाम होतो तो प्रामुख्याने काठावर असलेल्यांवर : नोकरी धरावी की घर सांभाळावे या विचारात असलेल्या स्त्रीवर, साहाय्य गमावण्याची भीती असलेल्या गरिबावर, निवृत्तीच्या उंबरठ्यावरील वृद्धावर. ज्यास काम नाकारताच येत नाही, त्याच्यावरील कर अधिक श्रम काढून घेतो. परंतु अशा वाढीव श्रमपुरवठ्यास प्रगतीचे लक्षण म्हणता येत नाही. म्हणून कराचे दर ठरविताना त्यांमुळे किती श्रम वाढतील वा घटतील, एवढाच विचार पुरेसा नसून ते श्रम कोणाचे व कितपत स्वेच्छेने केलेले असतील, याचाही विचार करावा लागतो.